अंगण सजवताना पैसा वाया कुठे जातो? या चुका टाळा

गोव्यात वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात संपतो. मग एप्रिल-मेत त्याच अंगणाला बादलीभर पाण्यासाठी विहिरीत डोकवावं लागतं. हात आखडता असेल तर पहिला रुपया या पाण्याच्या हिशेबावर खर्च करावा, झाडं त्यानंतर. आपण मात्र नर्सरीतून सुरुवात करतो. गाडीच्या डिकीत चार पाम, दोन कुंड्या घालून आणतो आणि मग त्या ठेवायच्या कुठे यावर घरात चर्चा सुरू होते.

पाण्याचा मार्ग न बघता लादी घालणं

मृगाचा पहिला जोरदार पाऊस आला की छत्री घेऊन अंगणात उभे राहा. पाणी कुठून शिरतं, कुठे तुंबतं आणि गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कुठल्या कोपऱ्यातून बाहेर पडतं, हे एकदा पाहिलं की अर्धा आराखडा तयार. हे न पाहता पेव्हर घातले की उतार हमखास घराकडे येतो. भिंतीतला चिरा, म्हणजे जांभा दगड, पाणी शोषून घेतो, त्यामुळे भिंतीच्या पायथ्याशी ओल चढते, रंगाचे पोपडे सुटतात आणि बागेवर वाचवलेला पैसा पेंटर नेतो.

असं झालं असेल तर सगळी लादी उखडायची गरज नाही. जोत्यालगतची दोन-तीन फुटांची पट्टी काढा आणि दर मीटरला किमान दोन सेंटिमीटर उतार बाहेरच्या बाजूला द्या. उरलेल्या भागातून आलेलं पाणी वळवायला मध्ये उथळ पाट काढा. जुन्या सुक्या गडग्याच्या फटींतून पाणी आपोआप निघून जायचं. त्याच जागी गिलावा केलेली कंपाउंड वॉल बांधली की अंगणाचं तळं होतं. भिंतीला तळाशी भोकं पाडून घ्या, गवंड्याचं एका दिवसाचंही काम नाही. पाणी शेजाऱ्याच्या दारात जाणार नाही एवढं मात्र पाहा.

पागोळीखाली फुलझाडांची रांग लावण्याची हौसही अशीच महागात पडते. वरून धार कोसळली की माती उडते, मुळं उघडी पडतात आणि भिंतीवर लाल शिंतोडे बसतात. तिथे फुटक्या मंगळुरी कौलांच्या तुकड्यांची फूटभर पट्टी करा. कुणाच्या तरी घराचं छप्पर बदलत असतंच, कौलं फुकट मिळतात.

खड्डा खणला, झाड कुजलं

वरची लाल माती हातभर असते आणि तिच्याखाली बऱ्याच ठिकाणी जांभ्याचा थर लागतो. त्यात खड्डा खणून छान माती-खत भरलं की तयार होतो तो हौद! पावसाळ्यात पाणी खाली झिरपत नाही. झाडाची पानं पिवळी पडतात आणि घरातले म्हणतात, खत कमी पडलं. आणखी खत घातलं की ते आणखी लवकर मरतं.

लावण्याआधी खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशीही ते तसंच दिसलं तर पहारीने तळ फोडा किंवा उताराच्या बाजूने चर काढा. जांभा फुटतच नसेल तर हट्ट सोडा आणि चिऱ्यांचं कडं करून हातभर उंच वाफ्यात लावा. झाड आधीच पिवळं पडलं असेल तर खत थांबवून बाजूने चर मारा. मुळं काळी, मऊ झाली नसतील तर ते सावरतं.

तुळशीच्या लग्नासाठी घातलेली हिरवळ

पाऊस ओसरला की गवताच्या लाद्या पसरायच्या म्हणजे तुळशीच्या लग्नाला अंगण फोटोसारखं दिसतं. दिसतंही. पण हिशेब मांडा. उन्हाळ्यात हिरवळीला रोज चौरस मीटरला सुमारे पाच लिटर पाणी लागतं. शंभर चौरस मीटरला रोज 500 लिटर झाले. एवढं पाणी टँकरने आणण्यात अर्थ नाही. माझं स्पष्ट मत, वृंदावनाभोवतीची जमीन चोपून सारवावी, बाकी ठिकाणी सावलीची झाडं आणि त्यांच्या बुडाशी सोडणांचं, म्हणजे नारळाच्या सालींचं, आच्छादन. सोडणं ओल धरतात आणि नारळ सोलणाऱ्या घरी त्यांचा ढीग पडलेला असतो. फक्त भिंतीला आणि लाकडी चौकटीला टेकवू नका, वाळवी येते.

गवत घातलंच असेल तर सगळं जगवण्याचा नाद सोडा, दारासमोरचा तुकडा ठेवा.

विकतच्या रोपांबद्दल थोडंसं

गणेश चवथीच्या तोंडावर घाईघाईने रोपं घेऊ नका. जास्वंद, तगर, क्रोटन पावसाच्या सुरुवातीला नुसती फांदी लावून येतात, कर्दळीचे कंद शेजारीण हसत देते, अबोलीचं बी गळून आपसूक उगवतं. पैसे मोजायचे ते फळझाडाच्या कलमाला. जुने गोवे इथल्या एलामधल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत चौकशी करावी. कच्चं शेण मात्र फुकट मिळालं तरी माडाजवळ रचू नका, त्यात गेंड्या भुंग्याच्या अळ्या वाढतात आणि भुंगा माडाचा कोंब पोखरतो.

मधे येतो म्हणून माड तोडायचा विचार असेल तर आधी वन खात्याची परवानगी. 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्यातून 2016 मध्ये माड वगळला होता, 2017 मध्ये तो परत आत आला. त्यापेक्षा पावसाआधी पाडेल्याला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, बोलावून सुके नारळ आणि वाळलेल्या झावळ्या उतरवून घ्या. हिरव्या झावळ्यांना हात लावू देऊ नका, आणि बसायचा बाक माडाच्या घेराबाहेर मांडा.