रेडिंगची ॲबी भिंतींवरून कशी वाचावी

लेकीकडे रेडिंगला आलात की ती तुम्हाला लंडन दाखवील, विंडसरही दाखवील. एक सकाळ मात्र गावातल्या ॲबीसाठी, म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठाच्या अवशेषांसाठी, राखून ठेवा. माझी सगळी नोकरी बांधकामावर गेली, त्यामुळे मी ही जागा भिंतींवरून बघायला सांगतो.

सुरुवात फॉर्बरी गार्डनपासून करा. तिथे पहिल्या हेन्री राजाच्या स्मरणार्थ दगडी क्रूस आहे. त्यानं ११२१ मध्ये हा बेनेडिक्टाइन मठ उभारायला घेतला आणि फ्रान्सच्या क्लूनीहून भिक्षू आणवले. ११३५ मध्ये तो नॉर्मंडीत वारला, पण पुरला इथेच, या मठाच्या चर्चमध्ये.

बागेला लागूनच अवशेष आहेत. घाई न करता थेट चॅप्टर हाउसमध्ये जाऊन मधोमध उभे राहा. भिक्षू इथे रोज जमत आणि संत बेनेडिक्टच्या नियमावलीतला एक अध्याय वाचला जाई. खोलीला नाव पडलं ते त्यावरून.

आता भिंतीजवळ जा. ओबडधोबड काम म्हणून पाठ फिरवू नका. तुम्ही बघताय तो आतला भराव: चुन्यात बसवलेले फ्लिंटचे, म्हणजे चकमकीचे गोटे. आपल्या जुन्या वाड्याच्या भिंतीचा ताशीव दगड कुणी उपटून नेला, तर आत असंच दिसेल. म्हणजे इथे जे उभं आहे, ते कधी कुणाला दिसावं म्हणून बांधलेलंच नव्हतं. दर्शनी दगड गेला, तरी नुसत्या चुन्याच्या पकडीवर भराव शतकानुशतकं उभा आहे. त्या चुन्यासमोर मी दोन्ही हात जोडले.

दगड गेला कसा? १५३९ मध्ये आठव्या हेन्रीनं मठ बंद केला. शेवटचे मठाधिपती ह्यू फॅरिंग्डन यांना त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला रेडिंगमध्येच देहदंड झाला. त्यांच्या नावाची शिळा चॅप्टर हाउसच्या भिंतीत आहे, ती चुकवू नका. मग मठाचा दगड बांधकामाचा माल झाला. काही विंडसरच्या किल्ल्यावर गेला.

म्हणून शेवटी रेडिंग मिन्स्टर, म्हणजे सेंट मेरीचं चर्च बघा. १५५० च्या दशकात ते नव्यानं बांधताना ॲबीचा माल वापरला. बाहेरून भिंत बुद्धिबळाच्या पटासारखी आहे: एक चौकोन फ्लिंटचा, एक ताशीव दगडाचा. त्या घडीव चौकोनावर हात ठेवा.