ट्रेडमिलच्या आधी काटा घ्या

पुण्यात कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दिवाळीच्या साफसफाईत कुणी ना कुणी ट्रेडमिल विकायला काढतं. "जवळजवळ नवीन. स्वतः येऊन न्यावी." माझी नोकरी भोसरीच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला, हातात व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, घेऊन गेली. त्यामुळे "वजन कमी करायचंय, काय घेऊ?" असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं : घाम काढणारी यंत्रं मागाहून बघा, आधी मोजणारी घ्या.

पहिला वजनकाटा. साधा डिजिटल, 100 ग्रॅमचा फरक दाखवणारा पुरतो. तो पायपुसण्यावर किंवा सतरंजीवर ठेवू नका. सपाट फरशीवर एक जागा ठरवा आणि तिथून हलवू नका. घरी आणल्यावर लागोपाठ तीनदा उभे राहा, तिन्ही वेळा आकडा तोच आला पाहिजे. मग 5 किलो आट्याची न फोडलेली पिशवी कवेत घेऊन परत उभे राहा. फरक 5 च्या आसपास आला की काटा पास. काटा एखादा किलो जास्त दाखवत असेल तर दाखवू दे, रोज तेवढाच जास्त दाखवला म्हणजे झालं. आपल्याला खाली-वर काय होतंय ते बघायचंय.

वजन सकाळी, संडासला जाऊन आल्यावर आणि चहाच्या आधी करायचं. एका दिवसाच्या आकड्यावर जीव टाकू नका. आदल्या रात्री मिसळ किंवा पापड-लोणचं झालं असेल तर मिठामुळे अंगात पाणी धरलं जातं आणि सकाळी काटा सहज किलोभर चढतो. ती चरबी नव्हे. सात दिवसांची बेरीज करा, सातने भागा आणि या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा.

चरबीचे टक्के सांगणारे काटेही मिळतात. ते तळपायातून अगदी सौम्य वीज सोडून, शरीर तिला किती अडवतं ते मोजून अंदाज बांधतात. पाणी कमी-जास्त प्यायलं की टक्के बदलतात. हौस असेल तर घ्या, पण घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांनी त्यावर पाय ठेवू नये.

दुसरी वस्तू शिंप्याची टेप. जुनी असेल तर स्टीलच्या फूटपट्टीशी लावून बघा, कापडी टेप वापरून ताणली जाते. पोट बेंबीवर घट्ट आवळून मोजायचं नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर मोजायचं. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि बायकांसाठी 80 ही धोक्याची रेघ मानतात. "माझी पँट चौतीसच आहे" हा पुरावा मी मानत नाही, ती पोटाच्या खाली बांधलेली असते.

आता स्वयंपाकघर. खरी चोरी इथे सापडते. 1 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या. रविवार पेठेत बोहरी आळीत मिळेल, ऑनलाइनही मिळतो. आणल्यावर मोजपात्राने अर्धा लिटर पाणी ओतून बघा, 500 ग्रॅम यायला हवं. आमच्या सौ.ना आधी हे प्रकरण पटलं नव्हतं. "आता पोळ्या वजनावर विकायच्यात का?" पण कणकेचे गोळे काट्यावर ठेवले तेव्हा त्याच बसल्या बघत. एक 45 ग्रॅमचा, दुसरा 70 चा, आणि हिशेबात दोन्ही "एकच पोळी". 45 ते 50 ग्रॅमच्या गोळ्यात पीठ साधारण 30 ग्रॅम असतं, म्हणजे 100 कॅलरीच्या आसपास. वर लावलेलं तेल-तूप वेगळं.

तेलाचं तर विचारूच नका. 1 ग्रॅम तेलात 9 कॅलरी. आमच्या फोडणीच्या पळीत 18 ग्रॅम तेल मावतं, म्हणजे एका पळीत 162 कॅलरी. भाजीला एक, आमटीला एक, आणि कढई कोरडी वाटली की वरून थोडं! पळी फेकू नका, तिच्या जागी डब्यात छोटा चमचा ठेवा. तो 5 मिलीचा, म्हणजे जेमतेम 40-45 कॅलरीचा असतो. शिवाय एक मार्कर पेन घ्या आणि तेलाचा नवा कॅन फोडला की त्यावर तारीख टाका. चार माणसांच्या घरात 5 लिटरचा कॅन 30 दिवसांत संपला, तर माणशी रोज सुमारे 345 कॅलरी नुसत्या तेलाच्या झाल्या. तोच कॅन 40 दिवस पुरवला तर त्या 260 वर येतात. कुणाच्या ताटातलं काही काढून घ्यावं लागत नाही, घरात भांडणही होत नाही.

पावलं मोजायला खिशातला फोन चालतो, फक्त तो चार्जिंगला लावून फिरायला जाऊ नका. मनगटावरच्या पट्ट्यांची एक गंमत म्हणजे आपल्या रस्त्यांवरून स्कूटर नेली की खड्डेही पावलांत जमा होतात. 10,000 च्या आकड्याला घाबरू नका. तो 1965 साली जपानात निघालेल्या पावलं मोजण्याच्या यंत्रामुळे रूढ झाला, कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीतून नव्हे. आठवडाभर आहे तसं चाला, सरासरी काढा, त्यात हजार वाढवा. "इतक्या कॅलरी जळल्या" असं घड्याळ म्हणालं म्हणून तेवढा वडापाव खाऊ नका. तो आकडा अंदाजपंचे असतो.

पैसे खर्चायचे तर बुटांवर खर्चा. संध्याकाळी खरेदी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. वेताळ टेकडीवर मुरूम आहे आणि उतरताना तो पायाखालून सरकतो, म्हणून बुटाचा तळ खाचांचा बघा. पर्वतीच्या 103 पायऱ्या चढायला छान, पण गुडघे बोलतात ते उतरताना. तिथे घाई नको. मधुमेहाच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, वजन उतरलं की गोळ्यांचं प्रमाणही बदलावं लागू शकतं.

घरच्या व्यायामाला रबरी पट्टा पुरे. दाराला अडकवून ओढणार असाल तर दार आपल्याकडे उघडणारं नको, नाहीतर दारासकट अंगावर येईल. पट्ट्याला बारीक भेगा दिसल्या की तो टाकून द्या. डंबेल हवेच असतील तर 2 लिटरची बाटली पाण्याने भरा, झाले 2 किलो. घाम काढणारा पोटाचा पट्टा मात्र घेऊ नका. घामाने उतरलेलं वजन दोन ग्लास पाण्यात परत येतं.

टिकून राहायला माझ्याकडे एकच साधन आहे, भिंतीवरचं कालनिर्णय. ते 1973 पासून निघतंय आणि दुधाचा हिशेब त्यावर लिहायची मराठी घरांना सवयच आहे. त्याच चौकोनात दुधाखाली सकाळचं वजन लिहायचं, पेन दोरीने तिथेच बांधून ठेवायचं. ॲप उघडायला आठवण लागते, दुधाचा हिशेब तर लिहावाच लागतो. येता-जाता घरातले सगळे वाचतात, हा वर फायदा. रविवारी शेजारी सरासरी लाल पेनने लिहा. ती तीन आठवडे जागची हलली नाही तर स्वतःला बोल लावण्याआधी तेलाच्या कॅनवरची तारीख बघा, गोळे परत एकदा काट्यावर ठेवा, आणि दोन्ही काट्यांचे सेल बदला.