पीई परीक्षा पास झालात? लायसन्स अडवणाऱ्या या चुका टाळा

हिंजवडी, खराडी, बाणेरच्या डिझाईन ऑफिसांमध्ये बसून अमेरिकेतल्या प्रकल्पांवर काम करणारे आपले बरेच इंजिनिअर पीईच्या, म्हणजे ‘प्रोफेशनल इंजिनिअर’ या अमेरिकन लायसन्सच्या, मागे लागलेले असतात. निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि दोन दिवसांत लिंक्डइनवर नावापुढे ‘पीई’ लागतं. पहिली चूक इथेच होते. परीक्षा घेते एनसीईईएस, म्हणजे अमेरिकेतल्या राज्यांच्या बोर्डांची सामाईक संस्था; लायसन्स देतं त्या-त्या राज्याचं बोर्ड. सगळ्या अमेरिकेत चालेल असं एकच लायसन्स नसतंच. शिवाय काही राज्यांत अनुभव पूर्ण होण्याआधीच परीक्षा देता येते, त्यामुळे पास होणं आणि लायसन्स मिळणं यात वर्षं जाऊ शकतात. बोर्डाकडून नंबर येईपर्यंत ही दोन अक्षरं ईमेलच्या सहीत, कार्डावर, कुठेच लावू नका. लावली असतील तर आजच काढा.

अनुभव रेझ्युमेसारखा लिहिणं

अर्ज अडतो तो बहुधा इथे. साधारणपणे राज्यं चार वर्षांचा, चढत्या जबाबदारीचा अनुभव मागतात. त्यात आपण लिहितो: ‘टीमसोबत वेअरहाऊसच्या डिझाईनमध्ये सहभाग, स्टॅडमध्ये मॉडेलिंग, ड्रॉइंग चेकिंग.’ यातून एवढंच कळतं की तुम्हाला सॉफ्टवेअर येतं.

त्याऐवजी असं लिहा: ‘एकमजली स्टील वेअरहाऊस. विंड लोड मी काढला. मोठ्या दरवाजाच्या बे मध्ये ब्रेसिंग बसत नव्हतं, म्हणून तिथे मोमेंट फ्रेम सुचवली. त्यामुळे वाढलेला ड्रिफ्ट तपासला, बेस प्लेट आणि अँकर बोल्ट नव्याने डिझाईन केले. कॅल्क्युलेशन्स माझ्या लीडने तपासली.’ निर्णय कोणता, तो का घेतला आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे तिन्ही यात आलं. ड्राफ्टिंग, टेंडरची कागदपत्रं, बिलं तपासणं यात गेलेले महिने डिझाईनच्या खात्यात घालू नका. एमएस करतानाचा काळ शिक्षणातही आणि नोकरीतही मोजू नका. मधे काही महिने घरी होतात तर तसं सरळ लिहा. तारखा ताणून जोडल्या की बाकीच्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

ही नोंद तुमच्या वरिष्ठाने पडताळून द्यावी लागते. पुण्यात लोक नोकऱ्या भराभर बदलतात. आजचा लीड वर्षभरात बंगळुरूला नाहीतर ह्यूस्टनला गेलेला असतो. म्हणून नोटीस पिरियडमध्येच नोंद लिहून पडताळणी करून घ्या. एनसीईईएस रेकॉर्डसाठी, म्हणजे तिथे साठवलेल्या तुमच्या कागदपत्रांच्या फाईलसाठी, पाच रेफरन्स लागतात, त्यातले तीन पीई हवेत. पुण्याच्या ऑफिसात पीई असलेली माणसं फार नसतात, तेव्हा अमेरिकेतल्या ज्या पीईच्या हाताखालून तुमचं काम जातं, त्यांना तुमची कॅल्क्युलेशन्स दिसतील असं पहिल्यापासून बघा. नुसत्या मीटिंगमधल्या ओळखीवर कोणी तुमच्या कामाबद्दल लिहू शकत नाही.

नाव आणि डिग्रीचे कागद

आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि शिवाय आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर क्रम निराळा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आणखी एक फरक. एनसीईईएसचं खातं उघडताना पासपोर्टवरचंच नाव द्या आणि फरक दाखवणारे कागद, म्हणजे विवाह प्रमाणपत्र किंवा गॅझेट, हाताशी ठेवा. विद्यापीठाच्या नावाचंही तेच: २०१४ च्या आधीच्या डिग्रीवर पुणे विद्यापीठ असतं, नंतरच्या डिग्रीवर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. संस्था एकच आहे, हे अर्जात स्पष्ट लिहा.

ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट एनसीईईएसला जायला हवी. पाकीट फोडून, स्कॅन करून आपण पाठवलेली प्रत चालत नाही. परदेशी डिग्रीच्या मूल्यमापनात गणित आणि विज्ञानाचे ३२, इंजिनिअरिंगचे ४८ क्रेडिट तास बघतात. जुन्या पॅटर्नच्या गुणपत्रिकांवर नुसते गुण असतात, म्हणून तुमच्याच पॅटर्नचा सिलॅबस जपून ठेवा.

एनबीए, म्हणजे आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या कोर्सना मान्यता देणारी संस्था, २०१४ मध्ये वॉशिंग्टन अकॉर्ड या डिग्र्यांच्या परस्पर मान्यतेच्या आंतरराष्ट्रीय कराराची पूर्ण सदस्य झाली, तेव्हा डिग्री आपोआप चालेल असं बरेच जण धरून चालतात. हा करार मान्यता देणाऱ्या संस्थांमधला आहे, राज्यांची बोर्डं त्याला बांधील नाहीत. शिवाय एनबीएची मान्यता कोर्सला असते, कॉलेजला नाही, आणि तीही ठरावीक वर्षांपुरती.

मित्राने केलं त्या राज्यात अर्ज करणं

तुमचं काम ज्या राज्यातलं आहे, तिथले नियम आधी वाचा. कॅलिफोर्नियात सिव्हिलवाल्यांना भूकंप आणि सर्व्हेइंगचे दोन जादा पेपर आहेत. अलास्कात अतिथंड प्रदेशातल्या बांधकामाचा कोर्स लागतो. टेक्सासमध्ये नीतिनियमांची वेगळी परीक्षा आहे. तिथला नोंदणीचा कायदाच १९३७ मध्ये न्यू लंडनच्या शाळेत गॅसच्या स्फोटात जवळपास ३०० मुलं आणि शिक्षक गेल्यावर आला.

आणि लायसन्ससोबत ड्रॉइंगवर मारायला जो पीईचा शिक्का मिळतो, त्याचा पुणे महापालिकेत उपयोग नाही. तिथल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची नोंदणी वेगळी.

न पाहिलेल्या ड्रॉइंगवर शिक्का

लायसन्स आलं की ऑफिसातून लगेच विचारणा होते: यावर शिक्का मारून द्या. डिझाईन तुमच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली झालं नसेल तर नाही म्हणा. १७ जुलै १९८१ ला कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलमध्ये टांगलेले दोन पूल कोसळून ११४ माणसं गेली. मूळ डिझाईनमध्ये एक सलग रॉड दोन्ही पूल पेलत होता. शॉप ड्रॉइंगमध्ये, म्हणजे स्टील बनवणाऱ्या कारखान्याच्या ड्रॉइंगमध्ये, त्याचे दोन तुकडे झाले आणि वरच्या पुलाच्या जोडावर भार दुप्पट झाला. ती ड्रॉइंग्ज इंजिनिअरच्या शिक्क्यानिशी मंजूर झाली होती. जबाबदार इंजिनिअरांची मिसुरीतली लायसन्स गेली. शॉप ड्रॉइंग आलं की बदललेल्या प्रत्येक जोडाचं गणित स्वतः करून बघा, डेडलाइन गेली तरी चालेल.

नूतनीकरणाची तारीख आणि प्रशिक्षणाचे तास लायसन्स मिळाल्या दिवशीच लिहून ठेवा. टेक्सासमध्ये वर्षाला १५ तास लागतात, त्यातला एक नीतिनियमांचा. सर्टिफिकेटं एका फोल्डरमध्ये साठवा. बोर्ड नंतर कधीही ती मागू शकतं.