घरात दोन-तीन कुत्री आहेत? मग नसबंदी कधी करायची आणि आधी कोणाची

घरात एकच कुत्रं असेल तर हे नाही वाचलं तरी चालेल. व्हेटला वय आणि ब्रीड सांगा, ते तारीख देतील, विषय संपला. खरी कसरत सुरू होते ती नर-मादी एकाच घरात असतात तेव्हा, किंवा दोन माद्या असतात तेव्हा. तिथं पण सगळे एकच विचारतात, "किती महिन्यांचं झालं की करायचं ओ?" वय बघायचंच, पण अशा घरात तारीख ठरते ती मादीच्या हीटवरून, म्हणजे ती माजावर कधी येते त्यावरून, आणि पहिला नंबर कोणाचा लावायचा यावरून. माझ्याकडे कायम दोन-तीन कुत्री असतात, गावठी, लॅब, मधे एक कारवानी (शिकारी जातीची) पण होती, शिवाय जुळे सोलापुरातल्या निम्म्या ओळखीच्यांसोबत क्लिनिकला मीच गेलोय, त्यामुळे व्हॉट्सॅपवरचे सल्ले वाचले की डोकं तापतं.

आधी वयाचं उरकून घेऊ. मोठं झाल्यावर २० किलोच्या आत राहणारं कुत्रं, म्हणजे पॉम, पग, शित्झू, बऱ्याचशा गावठी माद्या, यांचं साधारण ५-६ महिन्यांत, मादीचं शक्यतो पहिल्या हीटच्या आधी. लॅब, गोल्डन, रॉटवायलर यांची वाढ थांबू द्या, नर असेल तर ९ ते १५ महिने. मादीचं ब्रीड बघून व्हेट ठरवतील. कारण असं की हाडांची वाढ थांबवायला अंडकोष-अंडाशयातलेच हार्मोन लागतात, ते लवकर काढले तर काही मोठ्या ब्रीडमध्ये सांध्यांचा त्रास वाढतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसनं २०२० मध्ये ३५ ब्रीडचा अभ्यास छापला, त्यात जर्मन शेफर्डला जवळजवळ दोन वर्षं थांबा असं निघालं आणि बहुतेक छोट्या ब्रीडमध्ये फारसा फरकच दिसला नाही. म्हणजे "सगळ्यांना सहा महिने" हे जेवढं चूक, तेवढंच "सगळ्यांना दोन वर्षं" पण चूक.

"एकदा तरी पिल्लं होऊ द्या, मग करा" म्हणणाऱ्या माणसाला विचारा की पिल्लं तुम्ही नेणार का. पिल्लं झाल्यानं मादीच्या तब्येतीला कसलाही फायदा होत नाही. उलट पहिल्या हीटच्या आधी केलं तर पुढं स्तनाच्या गाठींचा धोका खूप कमी होतो असं १९६९ च्या एका अभ्यासापासून मानतात. त्यातलेच ०.५, ८ आणि २६ टक्के (पहिल्या हीटच्या आधी, पहिलीनंतर आणि दुसरीनंतर केलं तर) हे आकडे फिरत असतात, फक्त ते ऑपरेशन न केलेल्या मादीच्या तुलनेतले आहेत, शंभरातल्या २६ माद्यांना कॅन्सर होतो असा त्याचा अर्थ नाही. नंतरच्या काही लोकांनी तो पुरावा कच्चा आहे असंही म्हटलंय. तरी माझं मत लवकरच्याच बाजूनं आहे, छोट्या कुत्रीसाठी तर नक्कीच.

आता नंबर कोणाचा. माझं उत्तर ठरलेलंय, नर वयात बसत असेल तर आधी नर. त्याला हीट नाही, महिना नाही, ऑपरेशन छोटं, कुठल्याही आठवड्यात होतं. फक्त एक गोष्ट लोक ऐकूनच घेत नाहीत, ऑपरेशन झाल्या दिवशी नर "सेफ" होत नाही. नळीत शुक्राणू शिल्लक असतात, महिना ते दीड महिना तो अजून पिल्लं घालू शकतो, तेवढे दिवस हीटवरच्या मादीपासून लांबच ठेवायचा.

अपवाद एकच. लॅबचा नर सात महिन्यांचा, अजून वाढतोय, आणि सोबत सहा महिन्यांची गावठी मादी जी अजून हीटवर आलेली नाही. इथं मादी आधी, आणि याच आठवड्यात चौकशी करा, कारण तिची वेळ आत्ता उघडी आहे आणि त्याला थांबायला जागा आहे. "बहीण-भाऊ आहेत, ते तसं करणार नाहीत" हे मी चांगल्या शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकलंय. करतात. आई-मुलगा पण करतात, आणि नर सहा महिन्यांचा झाला की त्याला बच्चा समजू नका.

आता ती पायरी जिनं मला सगळ्यात जास्त घाम फोडला. मादी एकदा हीटवर येऊन गेली असेल तर ऑपरेशन नक्की कधी?

हीट चालू असताना शक्यतो नाही. तेव्हा तिथल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्राव जास्त होतो, चांगले डॉक्टर स्वतःच थांबा म्हणतात. एवढं बहुतेकांना माहीत असतं. म्हणून काय करतात, रक्ताचे डाग थांबले की दुसऱ्या आठवड्यात नेऊन उभी करतात. हे पण नको. हीटनंतर साधारण दोन महिने मादीचं शरीर गाभण असल्यासारखंच चालतं, नर लागला नसला तरी. त्यात मधेच अंडाशय काढलं की एक हार्मोन एकदम पडतं आणि दूध आणणारं हार्मोन वर जातं. मग खोटं गर्भारपण सुरू होतं, दूध येतं, ती मोजे आणि चपला गोळा करून कॉटखाली घेऊन बसते, जवळ कोणी आलं की गुरगुरते. एकटी असेल तर एक वेळ निभावतं. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्या मोज्यांवरून रक्त निघेपर्यंत मारामारी होते, आणि लोक म्हणतात बघा, ऑपरेशन केलं आणि कुत्री चिडकी झाली. ऑपरेशननं झाली नाही ओ, तारखेनं झाली.

तर हिशोब असा. पहिला डाग दिसला ती तारीख कॅलेंडरवर लिहायची, आणि तिच्यापुढं तीन महिने सोडायचे. पुढची हीट साधारण सहा-सात महिन्यांनी येते, म्हणजे तीन महिन्यांनंतर ते पुढच्या हीटच्या थोडं आधीपर्यंत जी शांत खिडकी मिळते ती आपली. समजा गणपतीत डाग दिसला. मग डिसेंबरपासून पुढं बघायचं आणि फेब्रुवारीच्या आत उरकायचं. त्यात आपल्याकडं जानेवारीच्या मध्यात गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, शोभेच्या दारूकामाचे आवाज, टाके घातलेलं कुत्रं घाबरून पलंगाखाली घुसलं की टाके गेले, म्हणून एकतर डिसेंबर नाहीतर गड्डा झाल्यावर. होटगी रोडला रहा नाहीतर अक्कलकोट रोडला, लग्नाच्या वरातीचे फटाके कुठंही गाठतातच, पण निदान माहीत असलेली तारीख तरी टाळा.

अडचण ही की पहिला डाग दिसतच नाही. काही माद्या स्वतःला इतकं चाटून साफ ठेवतात की आठवडा निघून जातो. माझी पद्धत, वयात आलेल्या मादीच्या अंथरुणावर फिकट रंगाची जुनी सोलापुरी चादर, गडद नाही. (पाणी चार-पाच दिवसांआड येणाऱ्या घरात रोज चादर धुवायला लागते, बायको वैतागते, त्याला इलाज नाही.) शिवाय मागचा भाग सुजलाय का, सारखी चाटतेय का, नर तिची लघवी जास्तच हुंगतोय का हे बघत राहा. घरातला नर हा सगळ्यात चांगला कॅलेंडर आहे, त्याचं जेवण सुटलं की समजा.

आणि सगळ्यात घातक सल्ला, "रक्त थांबलं, आता सोडा दोघांना एकत्र." अहो, रक्त फिकट होऊन पाण्यासारखं व्हायला लागतं तेच तर लागण्याचे दिवस असतात. पहिल्या आठवड्यात ती स्वतःच नराला हाकलते, दुसऱ्या आठवड्यात शेपूट बाजूला करून उभी राहते. म्हणून पहिल्या डागापासून पूर्ण चार आठवडे वेगळं ठेवायचं, दोन दारं मधे पाहिजेत, एक दार कोणीतरी उघडं टाकतंच. डायपरनं काही होत नाही, विक्स चोळून काही होत नाही. सगळ्यात बरं म्हणजे नराला तेवढे दिवस मामाकडं किंवा मित्राकडं पाठवणं. आणि कंपाउंडच्या भिंतीवरून उडी मारणारा गल्लीतला नर विसरू नका. त्याच्या कानाला खाच असेल तर महापालिकेच्या मोहिमेत त्याची नसबंदी झालेली असते, नसेल तर गेट बंद.

तरी लागलीच, तर अडकलेल्या जोडीवर पाणी ओतू नका, ओढू नका, दोघांना इजा होते, अर्ध्या तासाच्या आत सहसा सुटतात. मग त्याच दिवशी व्हेटला फोन. "एक इंजेक्शन मारून टाकू" हे सहज घेऊ नका, जुन्या पद्धतीच्या हार्मोन इंजेक्शननं गर्भाशयात पू होण्याचा आणि रक्त बनणं कमी होण्याचा धोका असतो. हीट पुढं ढकलायचं इंजेक्शन पण मी कधीच घेऊ देत नाही, त्यानंही पू होतो. अशा वेळी सुरुवातीच्या दिवसांतच नसबंदी करून घेता येते का ते सरळ विचारा.

कॅलेंडर गुंडाळून ठेवायची एकच वेळ. हीटनंतर महिना-दोन महिन्यांत मादी खूप पाणी प्यायला लागली, सुस्त पडली, उलट्या करतेय, मागून घाण स्राव येतोय किंवा काहीच येत नाही पण पोट फुगलंय, तर तो पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात झालेला पू, असू शकतो. रात्र असली तरी उठायचं आणि न्यायचं.

दोन माद्या असतील तर दोघींची खिडकी एकत्र येईल म्हणून वाट बघत बसू नका. जिची आधी उघडेल तिचं करा. आणि दोघी आधीपासूनच एकमेकींच्या जिवावर उठल्या असतील तर ऑपरेशननं भांडण मिटेल अशी आशा नको. हीटच्या आसपास पेटणारं भांडण कमी होऊ शकतं, एरवीचं नाही, त्याला ट्रेनर लागतो. दोन नरांचं माझं मत, दोघांचंही करा, काही आठवड्यांच्या अंतरानं, आणि फरक दिसायला महिना-दोन महिने द्या. भित्रा नर असेल तर मात्र घाई नको, ऑपरेशननं भीती जात नाही, काहींची वाढते. एकच अंडकोष खाली आलेला नर असेल तर "एकच आहे, काय होतंय" म्हणून सोडू नका, आत राहिलेल्याचा पुढं कॅन्सर होऊ शकतो, आणि खाली आलेल्या एकावर पिल्लं पण होऊ शकतात.

रक्त तपासणी. सोलापुरात गोचीड बारा महिने, आणि गोचीड तापानं प्लेटलेट उतरतात, वरून कुत्रं ठणठणीत दिसतं, टेबलावर रक्त थांबत नाही. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडं वाचवा, प्लेटलेटसकट रक्ताचा रिपोर्ट बघितल्याशिवाय मी कुत्रं आत देत नाही. घरात एकाला गोचीड ताप निघाला तर बाकीच्यांचं पण तपासा, अंथरूण एकच असतं. कारवानी किंवा मुधोळ असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, अंगावर चरबी नसते, काही भूल त्यांना लवकर उतरत नाही. एप्रिल-मे टाळा, त्यात पगवाल्यांनी तर नक्कीच, चाळीसच्या वरचं ऊन आणि त्यात लाइट गेली की भुलीतून उठलेल्या कुत्र्याचे हाल होतात.

दोघांचं एकाच दिवशी? डॉक्टर करतील, डिस्काउंट पण देतील. मी नाही करत. गळ्यात कोन (टाके चाटू नयेत म्हणून घालतात ती कॉलर) घातलेली दोन कुत्री एका टूबीएचकेमध्ये सांभाळून बघा म्हणजे कळेल. मधे तीन आठवडे सोडा.

उपाशी किती ठेवायचं ते क्लिनिक सांगेल तसं.

घरी आणल्यावर लोक कोन घालतात आणि निर्धास्त होतात. पण कोन आहे तो ऑपरेशन झालेल्याला, दुसऱ्याच्या जिभेला कोण अडवणार? एक कुत्रं दुसऱ्याचे टाके प्रेमानं चाटून उघडतं, हे एकापेक्षा जास्त कुत्री असलेल्या घरात हमखास होतं. शिवाय ते दवाखान्याचा वास घेऊन येतं, त्यामुळे रोजचाच दोस्त त्याला अनोळखी समजून गुरगुरू शकतो. पहिली रात्र वेगळ्या खोलीत, मग पट्टा लावून बाहेर भेट, मग घरात, पण तुम्ही समोर असतानाच. टाके निघेपर्यंत, म्हणजे १०-१४ दिवस, मस्ती बंद, अंघोळ बंद, जिना बंद. नर दुसऱ्याच दिवशी उड्या मारतो, त्याला बरं वाटतंय म्हणून सोडू नका. आपल्या घरातली पॅरासिटामॉल, कॉम्बिफ्लाम अजिबात द्यायची नाही, कुत्र्याला ती विषासारखी लागू शकते.

टाके निघाले की खाणं थोडं कमी करा, साधारण पाव भाग कमी धरून चला, कारण ऑपरेशननंतर कमी अन्नात भागतं आणि भूक मात्र वाढते. दोन कुत्र्यांची भांडी वेगळी आणि जेवणही वेगवेगळ्या कोपऱ्यात, नाहीतर एकाचं कमी केलेलं दुसऱ्याच्या भांड्यातून भरून निघतं. महिन्यानं वजन बघा. छोटं असेल तर त्याला कडेवर घेऊन घरच्या काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. लॅब असेल तर क्लिनिकच्या काट्यावर न्या, कंबर आपलीच जाते.