तिरळ्या डोळ्याचं ओसीटी अँजिओ करताना या चुका टाळा

ओसीटी अँजिओग्राफी, म्हणजे प्रकाशाच्या किरणाने डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढणारा स्कॅन, आता बऱ्याच ठिकाणी आलाय, हाताला सुई न टोचता, पिवळा डाय न देता पडद्यावरच्या केसाहूनही बारीक रक्तवाहिन्या दिसतात, त्यामुळे लहान मुलांचे आईबापही लगेच हो म्हणतात. पण तिरळेपणा असलेला पेशंट समोर बसला की नेहमीच्या सवयीने केलेला स्कॅन सरळ फसतो, आणि फसलाय हे कळतही नाही कारण मशीन रंगीत चित्र आणि आकडे तर देतंच. मग रिपोर्टमध्ये "आळशी डोळ्यात (म्हणजे मेंदूने नीट न वापरल्यामुळे नजर कमी राहिलेल्या डोळ्यात) रक्तवाहिन्या कमी" असं लिहिलं जातं आणि घरचे हबकतात. माझं म्हणणं एवढंच आहे की पडद्याला दोष देण्याआधी आपण नेम कुठे धरला, डोळा किती हलला आणि मशीनने कुठली मोजपट्टी वापरली हे बघा.

आधी मशीन काय करतं ते थोडक्यात. एकाच रेषेवरून किरण दोन किंवा जास्त वेळा फिरतो, मध्ये काही मिलिसेकंद जातात, आणि दोन फेऱ्यांमध्ये जे बदललं ते वाहतं रक्त असं ते धरतं. बाकी सगळं स्थिर आहे हे त्याने गृहीतच धरलेलं असतं. म्हणजे डोळाच हलला तर मशीनच्या लेखी सगळाच पडदा वाहतोय. चित्रावर आडव्या पांढऱ्या रेघा दिसल्या की डोळा झटका मारून गेला, काळा पट्टा दिसला की पापणी मिटली, आणि एकच वाहिनी शेजारी शेजारी दोनदा उमटली की मशीनने तुकडे चुकीचे जोडले. या तीन गोष्टी स्कॅन सेव्ह करायच्या आधी बघायच्या, पेशंट घरी गेल्यावर बघून काय उपयोग.

पहिली आणि सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दोन्ही डोळे उघडे ठेवून तिरळ्या डोळ्याचा स्कॅन घेणं. चांगला डोळा मशीनच्या बाजूने काहीतरी बघत असतो आणि तिरळा डोळा आपला नाकाकडे किंवा कानाकडे वळलेला, त्याच्या पडद्याचा मध्यबिंदू, जिथून सगळ्यात स्पष्ट दिसतं, तो मशीनसमोर येतच नाही. वर मेंदूने त्या डोळ्याचं चित्र दाबलेलं असतं, म्हणून मशीनमधल्या दिव्याकडे बघ म्हटलं की मूल म्हणतं "मला दिवा दिसतच नाहीये". ते खरंच सांगतंय हो, त्याला "नीट बघ ना" म्हणून दटावू नका, आईलाही दटावू देऊ नका. दुसरा डोळा झाका, बहुतेक वेळा तिरळा डोळा स्वतःहून सरळ होऊन दिव्यावर येतो.

पण इथेच पुढची गोम आहे. अगदी तान्हेपणापासून डोळा आत वळलेला असेल तर बऱ्याच जणांत एक डोळा झाकला की उघडा डोळा थरथरायला लागतो, याला लेटंट निस्टॅगमस म्हणतात. दोन्ही उघडे असताना डोळे शांत, काळी पट्टी लावली की सुरू, आणि टेक्निशियनला वाटतं मूल मस्ती करतंय. अशा वेळी पूर्ण काळी पट्टी लावू नका, चांगल्या डोळ्यासमोर जास्त प्लस नंबरची काच धरा म्हणजे त्याला धूसर दिसेल पण उजेड जात राहील, किंवा दुधी काचेसारखा ऑक्लुडर, म्हणजे डोळा झाकायची चकती, वापरा. थरथर बरीच कमी होते. अजून एक उपाय मला फार आवडतो कारण त्याला काहीच खर्च नाही: ही थरथर डोळा नाकाच्या बाजूला वळलेला असताना कमी असते, म्हणून ज्या डोळ्याचा स्कॅन त्याच बाजूला चेहरा थोडा वळवायचा, उजव्या डोळ्याचा असेल तर चेहरा उजवीकडे. थोडाच, नाक आडवं येईल इतका नको, आणि कपाळ मशीनच्या पट्टीला टेकलेलंच राहिलं पाहिजे.

ट्रॅकिंग, म्हणजे डोळा हलला तर मशीनने त्याचा माग काढणं, चालू आहे म्हणजे काळजी मिटली असंही समजू नका. ट्रॅकिंग छोट्या हालचालीला चांगलं, पण डोळा सतत थरथरत असेल तर मशीन प्रत्येक वेळी तीच रेषा परत घ्यायला जातं, स्कॅन लांबतो, मूल कंटाळतं, डोळा कोरडा पडतो आणि सिग्नल खाली येतो. तिथे मोठा ६ बाय ६ मिमीचा हट्ट सोडून ३ बाय ३ घ्या, दोन-तीनदा घ्या, त्यातला सगळ्यात स्वच्छ ठेवा. मधे मधे डोळे मिटू द्या. सराव चांगल्या डोळ्यावर करून घ्यायचा पण पहिला खरा स्कॅन आळशी डोळ्याचा, कारण मुलाचं लक्ष पहिल्या काही मिनिटांत जेवढं असतं तेवढं नंतर राहत नाही.

आता नेम. आळशी डोळा झाकाझाकीनंतर सरळ दिसला तरी तो पडद्याच्या बरोब्बर मध्यानेच बघतोय याची खात्री नसते, काही जण मध्याच्या शेजारच्या जागेने बघतात. मग स्कॅनचा मध्य एकीकडे आणि खरा मध्य दुसरीकडे. मशीन आपलं मोजमापाचं, खाने पाडलेलं गोल जाळं स्कॅनच्या मध्यावर टाकून मोकळं होतं, आणि मध्याजवळचा रक्तवाहिन्या नसलेला भाग नेमका शेजारच्या खान्यात जाऊन बसतो. त्या खान्यातली रक्तवाहिन्यांची घनता पडलेली दिसणारच ना! म्हणून जाळं हाताने ओढून त्या रिकाम्या भागाच्या, म्हणजे एफएझेडच्या मध्यावर आणून ठेवा आणि मगच आकडे वाचा. नजर फारच कमी असेल, आतला दिवा दिसतच नसेल, तर बाहेरचा दिवा चांगल्या डोळ्याला दाखवा आणि तो हळूहळू सरकवत न्या, तिरळा डोळाही सोबत सरकतो, मशीनच्या रेषेत आला की थांबा.

डोकं कलतं ठेवणारे पेशंट वेगळे. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंपैकी सुपीरियर ऑब्लिक स्नायू कमजोर असला की माणूस मान एका खांद्याकडे कलवतो आणि डोळा स्वतःभोवती बाहेरच्या बाजूला फिरलेला असतो. नॉर्मल डोळ्यात मध्यबिंदू डिस्कच्या (डोळ्याची नस पडद्याला जिथे जोडलेली असते त्या गोल जागेच्या) मध्यापेक्षा जरासाच खाली असतो, इथे तो चांगलाच खाली दिसतो. म्हणजे "वरचा" आणि "खालचा" खाना आता खरोखर वरचा-खालचा राहिला नाही. मान सरळ करून स्कॅन घ्या, आणि खान्यांची तुलना करायची असेल तर डिस्क आणि मध्य यांच्यातला कोन आधी बघा.

मोजपट्टीचा मुद्दा मात्र मी जरा खेचणार आहे, कारण इथे भलेभले चुकतात. मशीन डोळ्याची लांबी साधारण २४ मिमी धरून चालतं. आत वळणाऱ्या डोळ्यांच्या बऱ्याच मुलांना प्लस नंबर असतो, डोळा आखूड असतो, आणि आळशी डोळा बहुतेकदा दोघांतला जास्त आखूड. समजा आळशी डोळा २१ मिमी, चांगला २२.५ मिमी, आणि दोन्हीकडे एफएझेड खरं तर सारखंच आहे, ०.२५ चौरस मिमी. बेनेटच्या सूत्राप्रमाणे लांबीतून १.८२ वजा करायचे, २४ मधूनही तेवढेच वजा करून त्याने भागायचं आणि उत्तराचा वर्ग करायचा. २१ ला हा आकडा येतो साधारण ०.७५, २२.५ ला ०.८७. मशीनचं क्षेत्रफळ या आकड्याने गुणलं की खरं क्षेत्रफळ मिळतं, उलटं गेलं तर मशीन आळशी डोळ्यात ०.३३ दाखवेल आणि चांगल्यात ०.२९. झालं, कागदावर "आळशी डोळ्यात एफएझेड मोठा" तयार, आणि पडद्यात काहीच बिघाड नाही! मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी लेन्सचा नंबर काढायला जे मशीन वापरतात त्यावर दोन्ही डोळ्यांची लांबी काही मिनिटांत मिळते, ती घेतल्याशिवाय दोन डोळ्यांची तुलना करूच नका. आळशी डोळ्यात रक्तवाहिन्या खरंच कमी असतात का यावर अभ्यासकांचे निष्कर्ष जुळत नाहीत, आणि त्यामागे लांबीची दुरुस्ती केली की नाही हेही एक मोठं कारण आहे.

उलट प्रकारही होतो. एफएझेड अगदी छोटा किंवा जवळजवळ नाहीच, आणि आपल्याला वाटतं सॉफ्टवेअर चुकलं. आईला विचारा, बाळ दिवस भरायच्या आत झालं होतं का. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत एफएझेड छोटा राहतो आणि तिरळेपणाही जास्त आढळतो. अल्बिनिझममध्ये, म्हणजे जन्मतः रंगद्रव्य कमी असलेल्यांत, तर मध्याचा खड्डाच नीट तयार झालेला नसतो. मध्यातून जाणारा साधा ओसीटीचा आडवा छेद बघितला की लगेच कळतं.

मोठ्या माणसांत वेगळा सीन. डायबिटीसवाले काका अचानक दोन दोन दिसतं म्हणून येतात, सहावी नस कमजोर झालेली असते, डोळा बाहेर जात नाही. यांचा पडदा बघणं तर जास्तच गरजेचं. तो डोळा समोर येत नाही म्हणून स्कॅन सोडून देऊ नका, चेहरा त्याच कमजोर बाजूला वळवला की डोळा मशीनसमोर येतो. ही नस साधारण तीन महिन्यांत सुधारते बऱ्याच जणांची, पण पडद्याची तपासणी तेवढं थांबवायची नाही.

तिरळेपणाच्या ऑपरेशननंतर लगेच स्कॅन घेऊन "रक्तपुरवठा घटला" म्हणणंही टाळा. डोळा सुजलेला, लाल, मलम घातलेलं, अश्रूंचा थर बिघडलेला, सिग्नल कमी येणारच, आणि सिग्नल कमी की घनता कमी. सरळ स्नायूंबरोबर येणाऱ्या रक्तवाहिन्या, बाहेरच्या स्नायूत एक आणि बाकी तिघांत दोन-दोन, या डोळ्याच्या पुढच्या भागाला रक्त देतात. पडद्याच्या आतल्या थराची रक्तवाहिनी वेगळी, ती डिस्कमधून येते आणि या ऑपरेशनमध्ये तिला कोणी हात लावत नाही. डोळा शांत होऊ द्या, आधीच्या स्कॅनइतका सिग्नल आला तरच तुलना करा.

आणि पालकांना एक सांगाच, या स्कॅनसाठी चष्मा आणि आळशी डोळ्याच्या उपचाराची पट्टी अडवून ठेवायची नाही. आधीच "तिरळेपण लकी असतं" म्हणत लोक उशिरा आणतात, त्यात रिपोर्टची वाट बघण्यात अजून महिने घालवू नका.

रिपोर्टच्या खाली हाताने लिहायच्या गोष्टी: दुसरा डोळा कशाने झाकला, चेहरा किती आणि कुठे वळवला, दोन्ही डोळ्यांची लांबी, सिग्नलचा आकडा, जाळं हाताने हलवलं का, बाहुली मोठी करायचे थेंब टाकले होते का. पुढच्या वेळी वेगळा टेक्निशियन असेल तर त्याला हेच सगळं तसंच्या तसं करता आलं पाहिजे, नाहीतर दोन तारखांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.