जुन्या रायडिंग मोअरचे वायरिंग उघडण्यापूर्वीची तयारी

अमेरिकेच्या उपनगरांत अर्ध्या-पाऊण एकराच्या हिरवळीसह घर घेतलेल्या मराठी कुटुंबांकडे आधीच्या मालकाने मागे ठेवलेला किंवा गराज सेलमध्ये स्वस्तात मिळालेला जुना रायडिंग मोअर (वर बसून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र) बरेचदा असतो. हिवाळाभर शेडमध्ये उभे असलेले हे यंत्र एप्रिलमध्ये किल्ली फिरवल्यावर नुसते ‘टक्’ करते, किंवा तेही करत नाही. अशा वेळी अंदाजाने सोलेनॉइड (बॅटरीचा करंट स्टार्टरला जोडून देणारा विजेचा स्विच) नाहीतर स्टार्टर (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) मागवून बसवण्याकडे कल होतो; पण तिथली अनेक दुकाने विकलेला विजेचा सुटा भाग परत घेत नाहीत आणि खरा बिघाड बहुधा एखाद्या गंजलेल्या बोल्टखाली असतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी करायची तयारी येथे क्रमाने मांडली आहे. ती १२ व्होल्टची बॅटरी असलेल्या पेट्रोल इंजिनाच्या मोअरसाठी आहे.

पहिली तयारी कागद-पेन्सिलीची. यंत्र नेमके काय करते ते एका वाक्यात लिहून काढावे, कारण प्रत्येक लक्षण वायरिंगच्या वेगळ्या भागाकडे बोट दाखवते. एकच ठसठशीत ‘टक्’ येऊन पुढे काही होत नसेल, तर सोलेनॉइडला हुकूम पोहोचतो आहे, पण स्टार्टरला पुरेसा करंट मिळत नाही किंवा स्टार्टरच अडकला आहे. सलग तडतड होत असेल तर बॅटरी किंवा तिची जोडणी कमकुवत आहे. काहीच आवाज नसेल तर फ्यूज, किल्लीचा स्विच आणि सुरक्षेचे स्विच यांच्याकडे वळावे. इंजिन फिरते पण पेटत नाही, हे दुखणे निराळे. आणि दोन वेळा गवत कापले की बॅटरी बसते, हे त्याहून निराळे. पाती चालू असताना सीटवरून उठल्यावर इंजिन बंद पडते ही तक्रार मात्र यादीत लिहू नये, कारण यंत्र तसेच वागावे अशीच त्याची रचना आहे.

दुसरी तयारी आकृतीची. मोअरचा मॉडेल क्रमांक साधारणपणे सीटखालच्या पट्टीवर असतो, पण इंजिनाचा क्रमांक वेगळा असतो. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनावर तो मॉडेल, टाइप आणि कोड अशा तीन भागांत पत्र्यावर ठोकलेला दिसतो. दोन्ही टिपून घ्यावेत, कारण चॅसीचे वायरिंग मोअरच्या कंपनीचे असले तरी फ्लायव्हीलखालचा (इंजिनाच्या जड चाकाखालचा) स्टेटर, म्हणजे वीज तयार करणारी वेटोळी, इंजिनाच्या कंपनीचा असतो आणि बॅटरी चार्ज करण्याची पद्धत त्यावर ठरते. त्या क्रमांकांवरून आकृती मिळवून छापून घ्यावी. १९६० च्या दशकातील कब कॅडेट या कंपनीच्या अनेक यंत्रांवर पट्ट्याने फिरणारा एकच स्टार्टर-जनरेटर इंजिन सुरू करणे आणि बॅटरी चार्ज करणे ही दोन्ही कामे करतो. तुमचे यंत्र तितके जुने असेल तर पुढचा चार्जिंगचा भाग त्याला लागू नाही.

तिसरी तयारी सुरक्षिततेची, आणि तिला फाटा देऊ नये. मोअर सपाट जागेवर, शक्यतो उघड्यावर उभा करावा, ब्रेक लावून मागच्या चाकांना ओंडके लावावेत, किल्ली काढावी आणि स्पार्क प्लगची वायर उपसून बाजूला ठेवावी. हातातली अंगठी आणि घड्याळ उतरवावे. बॅटरी सोडवताना आधी ऋण टर्मिनल, जोडताना ते शेवटी. कारण धन टर्मिनलवर फिरणारा पाना चॅसीला टेकला तर ठिणगी उडते आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनला तेवढे निमित्त पुरते. स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन मोठे बोल्ट जोडून सेल्फ मारण्याची युक्ती गावाकडच्या ट्रॅक्टरवर पाहिलेली असते, पण ती सुरक्षेचे सगळे स्विच ओलांडून जाते, आणि गिअरमध्ये राहिलेले यंत्र समोर वाकलेल्या माणसाच्या अंगावर येऊ शकते.

अवजारे थोडीच लागतात. साधा डिजिटल मल्टिमीटर, १२ व्होल्टचा दिव्याचा टेस्टर, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, स्पार्क टेस्टर, खुणेसाठी चिकटपट्टी आणि फोटो काढायला फोन. मीटर असताना दिव्याचा टेस्टर कशाला, असे वाटेल. पण जुन्या वायरीच्या आत एखादाच धागा शिल्लक असला तरी मीटर बिनदिक्कत १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो जवळजवळ करंट ओढतच नाही. त्याच जागी दिवा लावला की तो मिणमिणतो आणि वायरीचे खरे रूप कळते.

सर्वांत जास्त वेळ राखून ठेवावा तो बॅटरीसाठी. ती २ ते ६ अँपिअरच्या चार्जरवर पूर्ण चार्ज करावी. मोटारगाडी सुरू करण्यासाठी असलेली मोठ्या करंटची सोय या छोट्या बॅटरीवर वापरू नये. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी पाहून केवळ डिस्टिल्ड वॉटर भरावे. चार्जर काढून काही तास तशीच ठेवल्यावर निरोगी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि १२ व्होल्टला ती जवळजवळ रिकामी समजावी. पण निवांत पडलेल्या बॅटरीच्या आकड्यावर विसंबू नये. स्टार्टर फिरत असताना दोन टर्मिनलांमधला दाब साडेनऊ व्होल्टच्या खाली गेला, तर स्टार्टरला दोष देण्याआधी बॅटरी तपासून घ्यावी. मोटारीच्या सुट्या भागांची बरीच दुकाने ही तपासणी फुकट करून देतात.

त्यानंतर केबली. बाहेरून धडधाकट दिसणारी केबल टोकाजवळ बोटांनी दाबून पाहावी. आत हिरवी पूड झाली असेल तर ती तिथे फुगलेली आणि कडक लागते. ऋण केबल चॅसीला जिथे आवळलेली असते तो बोल्ट पूर्ण काढावा, केबलच्या टोकावरील धातूच्या कडीखालचा गंज आणि रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावा, मगच पुन्हा आवळावा. जुन्या मोअरचे निम्मे गूढ या एका अर्थिंगपाशी उकलते, असे माझे मत आहे. खात्रीसाठी मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा आला तर अर्थिंगची वाट अजून खराब आहे.

फ्यूज सीटखाली किंवा स्टिअरिंगच्या खांबाजवळ सापडतो. तो उडाला असेल तर त्याच अँपिअरचा नवा घालावा आणि वायर कुठे घासली किंवा उंदरांनी कुठे कुरतडली ते शोधावे. शेडमधल्या उंदरांना हिवाळ्यात वायरिंगचा फार लळा असतो. सीट, ब्रेक किंवा क्लचचे पेडल आणि पात्यांचा स्विच हे तिन्ही प्रत्येकी दाबून, सोडून मीटरवर तपासावेत. नादुरुस्त स्विचच्या जागी वायरीचा तुकडा कायमचा जोडून देऊ नये.

इंजिन फिरते पण पेटत नाही, अशा वेळी ट्रॅक्टरचा अनुभव थोडा बाजूला ठेवावा लागतो, कारण डिझेलला ठिणगीच नसते. यातील बहुतेक इंजिनांवर मॅग्नेटो असतो. तो स्वतःची वीज स्वतः तयार करतो आणि त्याची वायर अर्थ केली की इंजिन बंद पडते. म्हणून किल्लीच्या स्विचवरील एम अक्षराच्या टर्मिनलला बॅटरीचे १२ व्होल्ट कधीही देऊ नयेत, कॉइल तत्काळ निकामी होऊ शकते. ही वायर इंजिनापाशी तात्पुरती सोडवून प्रत्येक प्लगच्या वायरीला स्पार्क टेस्टर जोडावा. आता ठिणगी आली तर कॉइल चांगली आहे आणि दोष चॅसीच्या वायरिंगमध्ये आहे. ठिणगी असूनही इंजिन पेटत नसेल तर कार्बुरेटरखालच्या इंधनाची वाट उघडणाऱ्या (स्टार्टरच्याहून वेगळ्या) सोलेनॉइडकडे कान द्यावा. तो असेल तर किल्ली ‘ऑन’ करताच त्याची बारीक टिचकी ऐकू यायला हवी.

चार्जिंगची तपासणी इंजिन चालवूनच होते, त्यामुळे धुराचा विचार करून ती गराजच्या बाहेरच करावी आणि पाती बंद ठेवावीत. पूर्ण वेगावर बॅटरीच्या टर्मिनलांवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक आहे. आकडा साडेबाराच्या वर सरकतच नसेल तर आधी रेग्युलेटर (बॅटरीला जाणारा चार्ज आवरणारा भाग) ज्या बोल्टने इंजिनाला लावला आहे तो घासून घ्यावा, कारण अनेक रेग्युलेटरांचे अर्थिंग त्यांच्या धातूच्या खोळीतूनच होते. चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढून पाहण्याची जुनी पद्धत येथे वापरू नये. तिने चांगला रेग्युलेटरही जळू शकतो. स्टेटरच्या वायरी तपासायच्या असतील तर मीटर एसी व्होल्टवर लावावा आणि यायला हवा तो आकडा इंजिनाच्या मॅन्युअलमधून आधीच आकृतीच्या कडेला लिहून ठेवावा.