सिडनीच्या घरात हॉपिंग माऊस कसा पाळावा

न्यू साउथ वेल्समध्ये राहणाऱ्या माणसाला ऑस्ट्रेलियातला एखादा मूळचा सस्तन प्राणी हौसेने घरी पाळायचा असेल, तर कायद्याने त्याच्यापुढे दोनच नावे ठेवली आहेत : स्पिनिफेक्स हॉपिंग माऊस आणि प्लेन्स रॅट. कांगारू, वॉम्बॅट, पोसम, शुगर ग्लायडर यांपैकी काहीही हौसेखातर घरी ठेवता येत नाही, आणि जे दोन ठेवता येतात ते दोन्ही उंदीर आहेत. आपल्या घरांत ही बातमी पचायला थोडा वेळ लागतो. मी हॉपिंग माऊस आणायचे ठरवले तेव्हा आईने पुण्याहून फोनवर विचारले होते, "पिंजरा लावायचा म्हणतोस की सजवायचा?"

ज्याला मांडीवर बसणारा, हाक मारल्यावर येणारा प्राणी हवा आहे त्याने येथेच थांबलेले बरे. हॉपिंग माऊस हा बघण्याचा प्राणी आहे. दिवे मंद झाल्यावर मागच्या लांब पायांवर उभा राहून तो वाळूवर टुणटुण उड्या मारू लागतो, आणि शेंडीसारखा गोंडा असलेली शेपटी मागे तोल सांभाळत राहते. शरीर जेमतेम दहा सेंटिमीटर, शेपटी त्याहून लांब आणि वजन साधारण ३५ ग्रॅम, असा त्याचा बांधा असतो. उडी कांगारूसारखी असली तरी त्याला पिशवी नसते; तो खराखुरा कृंतक, म्हणजे उंदीर-खारींसारखा कुरतडणारा प्राणी आहे. ऑस्ट्रेलियात नोटोमिस या प्रजातीतल्या (हॉपिंग माऊसच्या गटातल्या) दहा जातींची नोंद झाली, त्यांतल्या पाच युरोपीय वसाहतीनंतर नामशेष झाल्या. मांजरे, कोल्हे आणि चराईने बदललेली जमीन ही त्याची मुख्य कारणे मानली जातात. आपण पाळतो ती जात मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात अजून टिकून आहे.

परवाना आधी, प्राणी नंतर

पहिले काम परवान्याचे आहे. न्यू साउथ वेल्समध्ये तो नॅशनल पार्क्स अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडून घ्यावा लागतो आणि तो हातात आल्यावरच प्राणी घरी आणायचा असतो. प्राणी परवानाधारकाकडूनच घ्यावा, आणि खरेदी, जन्म, मृत्यू, कोणाला दिला असेल तर तो व्यवहार, अशी प्रत्येक नोंद ठेवावी. मी त्यासाठी किराण्याच्या हिशेबाची असते तशी एक वही केली आहे; घटना घडली त्याच दिवशी तारखेसह लिहिले की पुढे आठवत बसावे लागत नाही.

प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत, ही गोष्ट नवीन आलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. व्हिक्टोरियात १९७५ च्या वाइल्डलाइफ ॲक्टखाली मिळणाऱ्या परवान्यावर शुगर ग्लायडर किंवा फॅट-टेल्ड डनार्ट (उंदरासारखा दिसणारा लहान पिशवीवाला प्राणी) सुद्धा पाळता येतो, तर क्वीन्सलँडमध्ये हौसेच्या परवान्यात सस्तन प्राणी बसतच नाहीत. त्यामुळे मेलबर्नच्या मित्राकडे पाहिलेला प्राणी सिडनीला आणता येईल असे गृहीत धरू नये, आणि राज्य बदलताना जवळचा प्राणी बरोबर नेण्यासाठी वेगळी परवानगी लागते हेही ध्यानात ठेवावे. रस्त्याकडेला जखमी पोसम किंवा कांगारूचे पिल्लू सापडले तर ते घरी ठेवून वाढवायचे नसते. वायर्ससारख्या बचाव संस्थेला किंवा जवळच्या पशुवैद्याला ताबडतोब कळवावे.

हॉपिंग माऊस एकटा ठेवू नये. रानात तो गटाने एका बिळात राहतो, त्यामुळे एकाच वेताची दोन किंवा तीन एकाच लिंगाची भावंडे एकत्र आणणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. अनोळखी मोठी जनावरे एकदम एकत्र सोडल्यास भांडणे होतात.

घर बांधणे

खरा खर्च आणि खरी मेहनत घरावर होते. तारेचा पिंजरा येथे निरुपयोगी आहे, कारण वाळू बाहेर सांडते आणि शेपटी किंवा पाय तारांत अडकतात. काचेची मोठी टाकी घ्यावी. माझी ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ६० उंच आहे, आणि दोघांसाठी याहून लहान घेऊ नये असे मी सांगेन. वर बारीक जाळीचे, घट्ट बसणारे झाकण हवे. हा प्राणी सरळ वर उडी मारतो, आणि झाकण सैल असल्याचा शोध त्याला आपल्या आधी लागतो.

टाकीत सरासरी दहा सेंटिमीटर वाळू घालावी, एका बाजूला थोडी अधिक, म्हणजे उकरायला जागा मिळते. येथे एक हिशेब करून घ्या. एवढ्या टाकीत दहा सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे सुमारे ६५ किलो वाळू होते. काचेचे वजन वेगळे. मी टाकी आधी पुस्तकांच्या हलक्या फळीवर ठेवली होती आणि तिसरी पिशवी ओतताना फळी मधोमध वाकलेली दिसली. त्या रात्री टाकी जमिनीवर उतरवली, ती आजही तेथेच आहे. वाळू मुलांच्या खेळासाठी विकतात ती, धुतलेली आणि पूर्ण वाळवलेली असावी. समुद्रकिनाऱ्यावरची खारट वाळू आणू नये.

वाळूवर वाळलेले गवत, एक-दोन बोळकी, मातीची कुंडी आडवी करून केलेली गुहा आणि कुरतडण्यासाठी निलगिरीच्या फांद्या ठेवाव्यात. फांद्या औषध न फवारलेल्या झाडाच्या घ्याव्यात. लाकडी घरटे ठेवले तर ते काही आठवड्यांत भुसा होते, आणि ते ठीकच आहे, कारण पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात व ते झिजणे आवश्यक असते. फिरते चाक द्यायचे असेल तर सलग पृष्ठभागाचे आणि मोठे द्यावे. काड्याकाड्यांच्या चाकात शेपटी सापडते. टाकी झोपण्याच्या खोलीत मात्र ठेवू नये. रात्री दोन वाजता चाकाची घरघर सुरू झाली की आपलीच झोप जाते.

पाण्याचा प्रश्न

वाळवंटातला हा प्राणी बियांतून आणि पाल्यातून मिळणाऱ्या ओलाव्यावर पाणी न पिता जगू शकतो. त्याची मूत्रपिंडे इतकी कार्यक्षम आहेत की सस्तन प्राण्यांत मोजलेल्या सर्वांत दाट लघवीपैकी त्याची एक आहे. म्हणूनच टाकीला वास फार कमी येतो. तरीही घरात पाणी नेहमी उपलब्ध ठेवावे, कारण कोरड्या बियाण्यावर राहणाऱ्या बंदिस्त प्राण्याला रानासारखी निवड नसते.

अडचण पिण्याची नसून गळण्याची आहे. पहिल्या वर्षी फेब्रुवारीच्या दमट दिवसांत आमच्या टाकीच्या कोपऱ्यातून ओल्या पोत्यासारखा वास येऊ लागला. उकरून पाहिले तर बाटलीच्या नळीतून थेंबथेंब पडणाऱ्या पाण्याने तळाची वाळू काळी पडली होती आणि त्यातच त्या दोघांनी पुरून ठेवलेल्या बियांना बुरशी आली होती. ओलसर वाळू आणि दमट हवा यांनी या प्राण्याला श्वसनाचे आणि कातडीचे आजार होतात. तेव्हापासून बाटलीखाली एक चिनीमातीची बशी आहे आणि दर शनिवारी मी चारही कोपऱ्यांत बोट तळापर्यंत खुपसून पाहतो. टाकी स्नानगृहाच्या भिंतीला किंवा कपडे वाळत घालतो त्या खोलीत ठेवू नये. उन्हाळ्यात थेट ऊन पडणारी खिडकीही टाळावी. वाळवंटातला असला तरी तो दुपार जमिनीखाली सुमारे एक मीटर खोल, थंड बिळात काढतो, आणि काचेच्या टाकीत तसे बीळ नसते.

खाणे

मुख्य आहार बारीक बियांचा असतो. बजरीगर पोपटांसाठी मिळते ते मिश्रण चालते, आणि त्यात आपल्या ओळखीचे राळे असतात. भारतीय दुकानात उपवासाची भगर मिळते, ती मात्र फोल काढून पांढरी केलेली असते. फोलासह असलेले दाणेच द्यावेत, कारण सोलण्यातच त्याचा निम्मा वेळ चांगला जातो. दोघांना रोज संध्याकाळी सुमारे दोन सपाट चहाचे चमचे मी देतो, ते एका ताटलीत न देता वाळूवर पेरतो. त्यासोबत गाजराचा नखाएवढा तुकडा, पालकाचे पान किंवा सफरचंदाची फोड, आणि आठवड्यातून दोन-तीनदा एखादा मीलवर्म (खाद्य म्हणून विकतात ती अळी) द्यावा. सूर्यफुलाच्या बिया त्यांना फार आवडतात आणि म्हणूनच एक-दोनवर थांबावे. लठ्ठ झालेला हॉपिंग माऊस उड्या सोडून चालू लागतो. ओले पदार्थ सकाळी न विसरता काढून टाकावेत. कांदा, चॉकलेट आणि आपल्या फरसाणातले काहीही देऊ नये, पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी.

हाताळणे आणि आजार

शेपटीला कधीही धरू नये. ओढ बसली तर शेपटीची कातडी मोज्यासारखी निघून येते आणि ती परत येत नाही. उचलायची वेळ आली तर पुठ्ठ्याची नळी किंवा मोठा पेला आडवा धरावा, प्राण्याला स्वतःहून आत जाऊ द्यावे आणि दुसऱ्या हाताने तोंड झाकावे. मी याच पद्धतीने दर आठवड्याला त्यांना एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या स्वयंपाकाच्या काट्यावर तोलतो. लहान प्राणी आजार लपवतात, आणि ३५ ग्रॅमचा जीव तीन-चार ग्रॅमने उतरला तर ती मोठी घट असते. पाठ कुबडी करून बसणे, केस विस्कटलेले राहणे, श्वासाचा टिकटिक आवाज, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात या प्राण्यांची माहिती असते असे नाही, म्हणून असा पशुवैद्य आजार येण्यापूर्वीच शोधून ठेवावा.

नर-मादी एकत्र ठेवले तर सुमारे ३२ ते ३४ दिवसांत पिल्ले होतात, बहुधा तीन-चार. ती दोन-तीन महिन्यांत स्वतः वयात येतात. घेणारे परवानाधारक आधी ठरलेले नसतील तर या वाटेला जाऊ नये.

सुट्टीचे दिवस

आपल्यापैकी बहुतेक जण डिसेंबर-जानेवारीत भारतात जातात आणि नेमका तोच सिडनीचा कडक उन्हाळा असतो. त्या काळात प्राणी दुसऱ्याकडे ठेवायचे असतील तर परवाना देणाऱ्या कार्यालयाला आधी विचारून घ्यावे. टाकी हलवण्यापेक्षा कोणी रोज आपल्या घरी येणे अधिक सोपे पडते. मी रोजचे बियाणे लहान पुड्यांत बांधून प्रत्येकीवर तारीख लिहितो, म्हणजे शेजारच्या काकू प्रेमाने तिप्पट घालत नाहीत. झाकणावर एक कागद चिकटवलेला आहे : पाणी, बशी कोरडी, पडदा ओढलेला, पशुवैद्याचा फोन. शेवटची ओळ सुटकेसंबंधी आहे. एखादा निसटला तर मागे धावू नका. खोलीचे दार लावा, फटीत टॉवेल सारा, जमिनीवर आडवी नळी आणि चार सूर्यफुलाच्या बिया ठेवून दिवा मालवा आणि अर्धा तास गप्प बसा.